मोज्यातली किल्ली

हे लिहायला घेतलं याबद्दल आधी माफी मागतो. मी लेखक नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका कॉलेजात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सध्या आजारपणामुळे शिक्षण थांबलेलं आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. पप्पा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. आमच्याकडे लिहिणं म्हणजे किराणा मालाची यादी, फार तर नाताळात मामाला पाठवायचं पत्र. त्यामुळे माझं काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरी माफी जास्त महत्त्वाची आहे. नेवासा तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मोठ्या आजारातून उठलेला माणूस रविवारी उपासनेत उभा राहतो आणि साक्ष देतो. प्रभूने कसा हात दिला, अंधारात कसा उजेड दिसला, हे सांगतो. मी लहानपणी अशा कितीतरी साक्षी ऐकल्या आहेत. पाळकसाहेबांनी मलाही फोनवर सांगितलं, "आशिष, साक्ष लिहून पाठव, आपण वाचून दाखवू." मी दोन महिने टाळलं. कारण त्या काळात मला काहीच जाणवलं नाही. उजेड नाही आणि अंधारही नाही. खोटं लिहायचं नव्हतं.

म्हणून ही साक्ष नाही. कुठेतरी कोणी माझ्यासारखं पडून असेल, छताकडे बघत, आणि आपल्याला काहीच कसं वाटत नाही याची लाज वाटत असेल, तर त्याच्यासाठी हे आहे.

वॉल्टर

आजाराच्या आधी वॉल्टरबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी ज्या चर्चमध्ये जातो तिथे दर गुरुवारी बेसमेंटमध्ये दुपारचं जेवण असतं. कोणीही यावं, बसावं, जेवावं. हे सगळं डोरीन बघतात. सत्तरीच्या आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या. कोणाला येणं जमत नाही, कोणाच्या घरी डबा पोचवायचा, याची यादी त्यांनी फ्रिजवर लावलेली असते. मी बटाटे सोलायचो आणि भांडी घासायचो.

वॉल्टर तिथे जेवायला यायचे. स्टीलच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, कानाने कमी ऐकू येणारे, तोंडाने फटकळ. मग एकदा बर्फावर पडले आणि यायचे बंद झाले. चर्चमधून दोघं जण डबा घेऊन त्यांच्या घरी गेले, सोबत प्रश्नांचा कागदही घेऊन गेले. औषधं कोणती, नातेवाईक कोण, घरात पायऱ्या किती. वॉल्टरने त्यांना हाकलून दिलं. यादीत त्यांच्या नावापुढे डोरीननी लिहिलं, 'नकार'.

त्यांचं घर माझ्या बस स्टॉपच्या वाटेवर होतं. एका सोमवारी मी घरी केलेलं वरण आणि भात डब्यात घालून गेलो. मिरची घातली नव्हती. बेल वाजवून उपयोग नव्हता. मी रस्त्यावर उभा राहून हात हलवला. वरच्या मजल्याची खिडकी उघडली आणि एक लोकरीचा मोजा माझ्या पायाशी येऊन पडला. आत किल्ली होती.

"हे काय आहे?" डबा उघडून त्यांनी विचारलं.

"वरण. डाळ असते."

"पिवळं आहे."

"हो."

"चर्चने पाठवलंय?"

"नाही. मीच आणलं."

"मग ठेव तिथे. आणि माझ्याकडे बघत उभा राहू नकोस, मी काय टीव्ही आहे?"

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शनिवार असे मी तीन दिवस जायचो. ते मला 'किड' म्हणायचे. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, मीही त्यांचं आडनाव विचारलं नाही. वरणाला ते 'पिवळं' म्हणायचे. प्रत्येक वेळी खिडकी उघडायची, मोजा पडायचा, मी किल्लीने दार उघडायचो आणि जाताना मोजा परत त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवायचो.

हे मी कोणाला सांगितलं नाही. माझ्याबरोबर राहणाऱ्या निलेशलाही नाही.

याचं कारण आमच्या घरात आहे. पप्पा मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते. घरून निघताना त्यांच्या पिशवीत दोन भाकरी जास्त असायच्या. त्या कोणासाठी, हे आईलाही माहीत नसायचं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "देताना कोणी बघितलं की ते देवाकडं जात नाही, आपल्याकडंच परत येतं." मी ते मनात धरून बसलो. एकदा जेवणानंतर डोरीननी सगळ्यांना विचारलं होतं, "वॉल्टरला कोणी पाहिलंय का? मला त्यांची काळजी वाटते." मी सिंकपाशी उभा होतो. काही बोललो नाही. तेव्हा वाटलं, मी पप्पांसारखा वागतोय. आता वाटतं, वॉल्टर फक्त माझ्याकडूनच घेतात, ही गोष्ट मला आवडत होती.

पाय

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी वॉल्टरच्या जिन्यावर मला माझे पाय नीट कळेनात. एकावर एक दोन जाड मोजे घालून चालावं तसं वाटत होतं. दोन आठवड्यांपूर्वी पोट बिघडलं होतं, तेवढंच. मी बुटांना दोष दिला.

सोमवारी सकाळी वॉशरूममधून बाहेर येताना गुडघे मिटले आणि मी दारात बसलो. निलेश स्वयंपाकघरातून आला. तो नागपूरचा, कॉलेजला माझ्याच वर्गात आणि कामाला माझ्याच वेअरहाउसमध्ये. मी रविवारी चर्चला जातो म्हणून तो मला पास्टर म्हणतो.

"काऊन बे पास्टर, प्रार्थनेला इथेच बसला का?"

"उठता येत नाहीये."

"नाटकं नको करू, बस चुकेल." मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातलं टोस्ट खाली ठेवलं.

इमर्जन्सीत आम्ही खूप वेळ बसलो. आत घेतल्यावर एका तरुण डॉक्टरबाईंनी माझ्या गुडघ्यावर छोटा हातोडा मारला. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारला. दुसऱ्या पायावर मारला. कोपरावर, मनगटावर मारला. मग हातोडा खिशात ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली. त्या खुर्ची ओढण्यावरूनच मला कळलं.

पाठीतून पाणी काढलं, आणखी तपासण्या झाल्या. संध्याकाळपर्यंत नाव सांगितलं, जीबीएस. हल्ली बातम्यांमुळे हे नाव आपल्याकडेही बऱ्याच जणांना माहीत आहे. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच नसांवर उलटते, एवढं मला समजलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बहुतेक लोक बरे होतात. पण बरं वाटण्याआधी अजून बिघडेल. किती, ते आत्ता सांगता येत नाही."

मला भीती वाटली नाही. मी विचारलं, गुरुवारी परीक्षा आहे, देता येईल का. निलेश भिंतीकडे बघत होता.

औषधाची पहिली बाटली लावली तेव्हा नर्सने सांगितलं की हे औषध अनेक अनोळखी लोकांनी दिलेल्या रक्तातून बनतं. निलेश बाटलीकडे बघत म्हणाला, "इतक्या कॅनेडियन लोकांचं रक्त आत गेलं बे तुझ्या. आता तू इथलाच झाला, पीआरची गरजच नाही. अर्ज परत घे."

नर्सला काही कळलं नाही, पण तीही हसली. मीही हसायला गेलो. एका बाजूचा ओठ वर गेला नाही.

तीन दिवस

हा भाग मी तीनदा खोडून पुन्हा लिहिला आहे.

सोमवार, मंगळवार आणि बुधवारी मला बोलता येत होतं. निलेश रोज शेजारी बसत होता. "काही आणू का?" असं रोज विचारत होता. मी चार्जर मागितला. एकदा अंघोळीचा टॉवेल मागितला. वॉल्टरचं नाव घेतलं नाही. सोमवारी वाटलं, बुधवारपर्यंत सुटेन. बुधवारी वाटलं, शनिवारी जाता येईल. सांगितलं असतं तर ते काम माझं राहिलं नसतं, हेही कुठेतरी होतंच.

बुधवारी दुपारपासून एक नळी तोंडात धरून फुंकायला लावायचे, किती हवा फुंकता येते ते बघायला. आकडा प्रत्येक वेळी खाली येत होता. गुरुवारी सकाळी डॉक्टर म्हणाले की आता मशीनने श्वास द्यावा लागेल, घशात नळी घालू, झोपेचं औषध देऊ. "कोणाला काही सांगायचंय?"

मी मान हलवली, नाही.

चित्रांचा बोर्ड

जागा झालो तेव्हा हात, पाय, चेहरा, काहीच माझं नव्हतं. डोळे हलत होते. पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या, म्हणून लोर्ना नावाची नर्स दर थोड्या वेळाने डोळ्यांत थेंब घालायची.

अतिदक्षता विभागात एक बोर्ड होता, त्यावर चित्रं. दुखतंय, थंडी वाजते, गरम होतंय, तहान, वॉशरूम, घरचे लोक. नर्स एकेका चित्रावर बोट ठेवायची आणि मी डोळे वर करून 'हो' म्हणायचो. लोर्ना माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणायची, "तुला काहीतरी सांगायचंय. कळतंय मला." मग सगळी चित्रं पुन्हा पहिल्यापासून दाखवायची. त्यात वॉल्टरचं चित्र नव्हतं.

दिवस एकसारखे होते. सकाळी सात आणि संध्याकाळी सात या वेळा तेवढ्या वेगळ्या. तेव्हा ड्यूटी बदलायची. जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला घेऊन माझ्या पलंगापाशी उभी राहायची आणि सगळं सांगायची. औषधं, आकडे, आणि मग बारीकसारीकही. डावा हात उशीवर ठेवलेला आवडतो. ओठ कोरडे पडतात. टीव्ही नको असतो. मग येणारी नर्स माझ्याकडे बघून म्हणायची, "आशिष, आता मी आहे."

रोज दोनदा हे ऐकायचो. माझं काही हरवत नव्हतं. मला याबद्दल कृतज्ञ वाटायला हवं होतं. मी फक्त ऐकायचो.

दोन माणसं येऊन मला पुसायची, एका कुशीवर वळवायची, पाठीला मलम लावायची, दुसऱ्या कुशीवर वळवायची. त्यांच्यात एक जण हॉकीबद्दल बोलायचा. मला वाटायचं लाज वाटेल. तीही वाटली नाही.

टाचा

घरी कळवू नको, असं मी निलेशला सांगितलं होतं. नळी घातल्यावर त्याने फोन केला. बरोबर केलं.

व्हिडिओ कॉलवर पप्पा पुढे होते, आई त्यांच्या खांद्यामागे. मला वाटलं पप्पा प्रार्थना करतील. पप्पा फोनजवळ आले आणि निलेशला म्हणाले, "बाळा, त्याला वळवत्यात का दर दोन तासाला?"

"हो काका."

"टाचा बघितल्या का कुणी?"

"टाचा?"

"पांघरूण वर कर आणि टाचा दाखव मला."

निलेशने फोन पायापाशी नेला. पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ माझ्या टाचा बघितल्या, आधी उजवी, मग डावी. "डावी लाल हाये. तिथल्या बाईंना सांग, पोटरीखाली उशी द्या म्हणावं. टाच हवेत राहिली पाहिजे. तिच्यावर भार नको."

निलेशने लोर्नाला सांगितलं. लोर्नाने टाच बघितली, उशी दिली आणि विचारलं, "ते डॉक्टर आहेत का?"

"वॉर्डात काम करायचे," निलेश म्हणाला.

"मग बरोबर," लोर्ना म्हणाली.

 त्या रविवारी आई उपासनेत उभी राहिली आणि सगळ्या मंडळीला माझ्याबद्दल सांगितलं. पप्पांना ते आवडलं नाही, लोकांसमोर मागणं त्यांना कधीच जमलेलं नाही. घरात दोन दिवस अबोला होता. मग आई म्हणाली, "सगळं झाकून ठेवायला हे काय दान आहे का? पोरगं आहे माझं." हे मला धाकट्या बहिणीने नंतर सांगितलं.

बाराखडी

बोर्डाची गोष्ट निलेशच्या लक्षात आली. एका दुपारी तो पिझ्झाच्या खोक्याचं झाकण घेऊन आला. त्यावर मार्करने अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं लिहिली होती, ओळींनी.

"इंग्रजीत तुझं स्पेलिंग तसंही वाईट आहे," तो म्हणाला. "मी ओळीवर बोट ठेवतो. बरोबर ओळ आली की वर बघ. मग अक्षर. काना-मात्रा मी लावून घेतो. घाई नको करू, मला आज शिफ्ट नाही."

सगळी दुपार लागली. मी सांगितलं: वॉल्टर. म्हातारे. जेवण. रस्त्याचं नाव, घराचा नंबर, वरचा मजला.

निलेशने झाकण खाली ठेवलं. "म्हणजे तू सोम-बुध-शनी डबा घेऊन जायचा तो गर्लफ्रेंडकडे नाही?"

मी डोळे हलवले नाहीत.

"आणि दुसरं कोणीच जात नाही त्यांच्याकडे?"

नाही.

"फोन?"

नाही.

 "काऊन बे," तो एवढंच म्हणाला. मग जॅकेट घातलं.

दुसऱ्या दिवशी आला तो हसत. "भेटून आलो तुझ्या म्हाताऱ्याला. एकदम मस्त आहे. बेल वाजवली, दार उघडलं, डबा दिला. तुला हाय सांगितलंय. आता आराम कर."

मी बाराखडीकडे बघितलं. त्याने झाकण उचललं. मी दोन अक्षरं दाखवली. त्याने काना-मात्रा लावून वाचलं.

"मोजा?" तो म्हणाला. "कसला मोजा? पायांना थंडी वाजते का?"

मी डोळे छताकडे नेले आणि तिथेच ठेवले. वॉल्टरना बेल ऐकू येत नाही. ते खाली येऊन दार उघडत नाहीत. मोजा पडला नाही, म्हणजे खिडकी उघडली नाही. निलेश खोटं बोलत होता, आणि माझ्याशी खोटं बोलण्याचं एकच कारण असू शकत होतं.

निलेशने माझ्या दोन्ही पायांत मोजे घातले. मला ते कळले नाहीत. पुढे कितीतरी दिवस ते पायात होते.

न विचारलेलं

नळी निघाली. आवाज आला, आधी खरखरीत, मग माझ्यासारखा. चेहरा हळूहळू हलायला लागला. मला त्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या इमारतीत हलवलं, जिथे पुन्हा बसायला, उभं राहायला शिकवतात.

आता मला विचारता येत होतं. मी विचारलं नाही. डोरीन दोनदा भेटायला आल्या, एकदा केळ्याचा केक घेऊन. तो त्यांनीच भरवला, कारण माझी बोटं चमचा धरत नव्हती. हवापाण्याबद्दल बोलल्या, बटाटे आता कोण सोलतं ते सांगितलं. मी ऐकलं. विचारलं नाही तोपर्यंत वॉल्टर मेले नव्हते, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तीन आठवडे मी असे काढले. प्रार्थनेतही त्यांचं नाव घेत नव्हतो. तुमच्याही बाबतीत असं काही असेल तर तुम्ही एकटे नाही, एवढंच सांगतो.

एके दिवशी पप्पांचा फोन आला. त्यांनी नेहमीप्रमाणे टाचा बघितल्या. मग विचारलं, "तोंड का असं?"

मी सगळं सांगितलं. वरण, मोजा, सिंकपाशी गप्प राहिलो ते, तीन दिवस बोलता येत होतं ते, निलेशचं खोटं. तुम्ही शिकवलं तसंच करायला गेलो, असंही म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

 मागे आईचा कुकर वाजला.

"एकतीस वर्षं वॉर्डात होतो," ते म्हणाले. "एकदा पण ड्यूटी न देता घरी नाही गेलो. दुसरा माणूस येईपर्यंत थांबायचं, कोणत्या पेशंटला काय लागतंय ते त्याला सांगायचं, मगच डबा उचलायचा. भाकरीचं मी कुणाला सांगितलं नाही, कारण मी गेलो नाही तरी त्या माणसाला दवाखान्याचं जेवण होतं. तो उपाशी राहणार नव्हता. हे तुला सांगायचं राहिलं माझ्याकडून." मग म्हणाले, "तुझी ड्यूटी अजून तुझ्याकडंच हाये. त्या चर्चच्या बाईंना सांग आणि दे."

निलेश संध्याकाळी आला. मी म्हणालो, "मोजा नव्हता ना?"

तो खुर्चीत बसला. "नव्हता. खिडकी बंद होती. खालच्या बाईने सांगितलं, आठवड्यापूर्वी ॲम्ब्युलन्स आली होती, घेऊन गेले. पुढचं तिला माहीत नव्हतं. तुझ्या घशात नळी होती बे. काय सांगणार होतो मी तुला?"

"मीही हेच केलं असतं."

"तू तर कोणाला काहीच सांगितलं नसतं," तो म्हणाला. ते खरं होतं.

डोरीन पुढच्या वेळी आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं. तुझ्यासमोर विचारलं होतं."

"हो."

"हिवाळाभर मी यादीतल्या त्या नावाकडे बघत होते." त्यांनी पर्स मांडीवर घेतली. "आडनाव आहे माझ्याकडे. बघते मी."

जाताना त्यांनी दारात थांबून विचारलं, "काय लागतं त्यांना? जेवणात."

"मिरची नाही. भात मऊ. आणि त्यांच्याकडे बघत उभं राहायचं नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं.

निरोप

चार दिवस काही कळलं नाही. पाचव्या दिवशी मी दोन दांड्यांच्या मध्ये उभा होतो. फिजिओथेरपिस्ट मागून पट्टा धरून होती. डोरीन दारात दिसल्या, बूट ओले, कोट अंगातच. माझी सहा पावलं होईपर्यंत त्या थांबल्या. मला व्हीलचेअरवर बसवल्यावर समोर खुर्ची ओढून बसल्या. त्या खुर्ची ओढण्याकडे मी बघत राहिलो.

"जिवंत आहेत," त्या म्हणाल्या. "आधी हे सांगते."

वॉल्टर माउंटनवर, म्हणजे शहराच्या वरच्या भागात, एका केअर होममध्ये होते. कंबरेचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. त्यांची ती खोली आता गेली, तिथे परत जाता येणार नाही. चालतील की नाही ते नक्की नाही.

"उपाशी नव्हते," डोरीन म्हणाल्या. "कपाटभर सुपाचे डबे आहेत त्यांच्याकडे. घरमालकाने दाखवले मला. तू सोमवारी आला नाहीस, बुधवारी आला नाहीस. गुरुवारी ते कोट घालून निघाले. हिवाळा सुरू झाल्यापासून तो माणूस जिना उतरला नव्हता. आमच्या जेवणाला यायला निघाले होते, तुला कोणी पाहिलंय का विचारायला. कोपऱ्यापर्यंत पोचले. तिथे बर्फ होता."

तो गुरुवार माझ्या नळीचा होता. डॉक्टरांनी विचारलं होतं, कोणाला काही सांगायचंय का.

"ॲम्ब्युलन्सवाल्यांपासून सगळ्यांना तेच सांगत होते. एक मुलगा यायचा, तो बुधवार चुकवत नाही, त्याला काहीतरी झालंय, कोणीतरी जाऊन बघा. नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही. त्यांच्या केसपेपरवर लिहून ठेवलंय, पेशंट गोंधळलेला आहे. सहा आठवडे ते हेच सांगतायत आणि लोक त्यांना थोपटतायत."

त्यांनी पर्समधून लोकरीचा मोजा काढून माझ्या हातात ठेवला. वॉल्टरच्या कोटाच्या खिशात होता म्हणे, ते पडले तेव्हाही. मी बोटं मिटली. आत किल्ली आहे की नाही ते बोटांना कळेना. मोजा उघडून बघावं लागलं. होती.

मला रडू आलं नाही. आलं असतं तर लिहिलं असतं.

"मी त्यांना सांगितलं," डोरीन म्हणाल्या. "तो मुलगा सापडला, त्याचं नाव आशिष आहे, तो हॉस्पिटलमध्ये आहे. पाय चालत नव्हते, आता थोडे चालतात. हाताने अजून जेवता येत नाही. त्यांनी हे सगळं मला दोनदा सांगायला लावलं, कानाचं मशीन नीट बसवून. मग माझ्यावर ओरडले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'मग इथे काय करतेस? त्याला कोण भरवतंय?'"